करवंदाची बिअर आणि पाचवं शील

दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या कॉलनीच्या विहारात वंदना असे आणि पंचशील सांगायचं काम कमिटीचे सचिव म्हणून पप्पांकडे होतं. ते एक ओळ म्हणायचे, मग सगळा विहार ती ओळ मागून म्हणायचा. पप्पांचा आवाज काही फार मोठा नव्हता. पहिली चार शीलं ते पाढे म्हटल्यासारखी म्हणत. पाचव्याला मात्र पाठ ताठ व्हायची, हात शर्टाच्या शिवणीला लागायचे आणि आवाज आपोआप एक पट्टी वर जायचा. पाचवं शील नशेच्या वस्तूंपासून दूर राहण्याचं. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी दारू सोडली, आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन्ही वेळा चूल पेटायला लागली, असं पप्पा सांगत. ते एवढंच सांगत आणि त्यापुढे काही विचारू देत नसत. पण त्या एका ओळीवर आपलं घर उभं आहे अशी त्यांची समजूत होती, आणि ती पडताळून पाहायची आमच्यापैकी कोणाची हिंमत नव्हती. खोकल्याच्या औषधाचं लेबल ते दुकानात उभं राहून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे. एकदा होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी त्यांना सायटिकावर थेंब दिले. पप्पांनी बूच काढून वास घेतला, बाटली परत केली आणि सायटिका ठेवून घेतली.

वास हा त्यांचा नोकरीचा भाग होता. ते पाणी शुद्धीकरण केंद्रात लॅब असिस्टंट होते. धरणातून आलेलं पाणी, गाळलेलं पाणी, क्लोरीन सोडलेलं पाणी आणि शहराच्या शेवटच्या नळाचं पाणी अशा बाटल्या त्यांच्यापुढे येत आणि ते एकेक बाटली हलवून, बूच काढून नाकाशी धरत. चव घ्यायची नाही, फक्त वास, असा लॅबचा नियम होता. हा नियम त्यांच्या अंगात इतका भिनला होता की घरीसुद्धा आमटी आधी हुंगायचे. आईने भांड्यांचा साबण बदलला की पप्पांना दारातून कळे. शेजारचे लोक गॅस गळतोय का हे बघायला त्यांना बोलावून नेत. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच वडिलांना असं नाक असतं. लग्नानंतर कळलं की बहुतेक पुरुषांना दूध जळल्याचासुद्धा वास येत नाही.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. निफाडकडच्या एका वायनरीत तो नोकरीला होता. पप्पांनी ती नोकरी 'फळप्रक्रिया' या नावाखाली सहन केली होती. तो हंगाम संपला तशी माणसं कमी केली, त्यात दादा घरी आला. त्या वायनरीत येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी एकजण त्र्यंबक रोडला हॉटेल काढणार होता आणि तिथे स्वतःची बिअर बनवून विकणार होता. तो दादाला म्हणाला होता, द्राक्षाचं काही नको, ते सगळेच करतात. इथल्या मातीतलं दुसरं एखादं फळ घालून बिअर करून दाखव, सहा बाटल्या दे, आवडली तर नोकरी तुझी. नाही आवडली तर दादाला पुण्यात मामाच्या ओळखीने कुठल्याशा गोदामात कंत्राटी काम होतं. दादाला गोदामात जायचं नव्हतं. आईला त्याने पुण्याला जायला नको होतं. मी बारावीत होते, मला कोणी विचारलं नाही. असा आमच्या घरात बिअरचा कारखाना सुरू झाला. घरी बिअर करायला कायद्याची परवानगी लागते हे दादाने आम्हाला पुष्कळ वर्षांनी, सगळ्यांचं जेवण झाल्यावर सांगितलं.

कुरिअरने जवाची गोणी आली. मोड आणून वाळवलेला जव. दादाने आईला सांगितलं की सरबताचा एक प्रयोग आहे. आई गोणीकडे बघून म्हणाली, "जवाचं सरबत?" आणि त्यातला दोन किलो जव काढून, भाजून, दळून तिने सातूचं पीठ केलं. दादा मोजमाप करायला बसला तर दोन किलो कमी. उरलेला जव त्याने आमच्या सर्वात मोठ्या पातेल्यात, ज्यात दर पौर्णिमेला विहाराची खीर व्हायची त्यात, गरम पाण्यात भिजत घातला. त्याचं गोड पाणी काढून उकळलं. त्यात हॉप्स नावाच्या वेलीच्या हिरव्या कडू गोळ्या टाकल्या, त्यांना कडुनिंब आणि संत्र्याची साल एकत्र वाटल्यासारखा वास होता. मग थंड करून, यीस्ट घालून ते सगळं पाण्याच्या वीस लिटरच्या जारमध्ये भरलं. जारच्या तोंडातून एक नळी निघायची आणि ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाण्याखाली सोडलेली असायची. दुसऱ्या दिवसापासून बरणीत बुडबुडे यायला लागले. बुडुक. थोडं थांबून पुन्हा बुडुक. जार बाथरूमवरच्या माळ्यावर चादरीखाली होता आणि शेजारच्या काकूंना मी सांगितलं की दादाने मासे पाळलेत. जवाचा जो चोथा उरला तो फेकणं आईला शक्य नव्हतं. तिने त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, तीळ घालून थालीपिठं लावली. पुढचा दीड महिना आम्ही थालीपीठच खाल्लं, आणि पप्पा रोज म्हणायचे की भाजणी बदललेली दिसते, बरी लागते.

पहिल्या खेपेला दादाने द्राक्षंच घातली, कारण ती मावसभावाकडून फुकट मिळाली. द्राक्षाची नको असं त्या माणसाने स्पष्ट सांगितलं होतं, पण फुकटची द्राक्षं घरात असताना दुसरं फळ विकत आणणं आमच्या रक्तात नव्हतं. ती त्याने जवाच्या पाण्याबरोबरच उकळली. दहा दिवसांनी त्याने जार खाली उतरवून झाकण काढलं, आणि नेमके त्याच दिवशी पप्पा पहिल्या पाळीहून तासभर लवकर आले. दारात चप्पल काढता काढता ते थबकले. नाक वर केलं.

"कोणाला लागलंय?" त्यांनी विचारलं.

"कोणाला नाही," आई म्हणाली.

"मग पट्टी कोणी बांधली? दवाखान्याचा वास येतोय."

ते वासामागे चालत बाथरूमपर्यंत गेले. तिथे दादा जारला मिठी मारून बसला होता, आणि मी हातात दादाचा चहाचा कप घेऊन उभी होते, त्यात चहा नव्हता. पप्पांनी कपाकडे पाहिलं. जारकडे पाहिलं. लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"बिअर," दादा म्हणाला. दादाला खोटं बोलता यायचं, पण पप्पांचं नाक उघडं असताना नाही.

पप्पा ओरडले नाहीत. ते आत जाऊन कपडे बदलून आले, जेवले, थालीपिठाची भाजणी बरी आहे म्हणाले. मग हात धुऊन दादाला म्हणाले, "हा धंदा चांगला नाही हे मी तुला आज एकदा सांगितलं. तू मोठा आहेस, दुसऱ्यांदा सांगणार नाही." आणि चार दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. ते चार दिवस मला आजही आठवतात. घरात फक्त कुकर आणि ती बरणी बोलत होती.

पाचव्या दिवशी, दादा ती द्राक्षाची बिअर मोरीत ओतत असताना, पप्पा त्याच्या मागे येऊन उभे राहिले. "पाणी कोणतं घेतलं होतंस?"

"नळाचं."

"थेट?"

"हो. म्हणूनच बिघडलं असेल. म्युन्सिपाल्टीचं पाणीच भिकार."

मला वाटतं, दादा दुसरं काहीही बोलला असता तरी पुढचं घडलं नसतं. पप्पांचा चेहरा असा झाला की जणू कोणी आजीला शिवी दिली आहे. पाणी भिकार नाही, ते म्हणाले. पाण्यात क्लोरीन आहे, तो असायलाच हवा, नाहीतर निम्मी कॉलनी दवाखान्यात दिसेल. तोच क्लोरीन तुझ्या त्या जवात मिसळला की असा पट्टीचा वास येतो. आधी पाणी खळखळून उकळ, मग उघड्या भांड्यात एक रात्र ठेव, मग वापर. "तू काय करतोस ते करतोस," ते म्हणाले, "पण आमच्या पाण्याला नावं ठेवायची नाहीत."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी जारपाशी जाऊ लागले. हात मागे बांधून उभे राहायचे, झाकण दादाला काढायला लावायचे, वाकून एकदा हुंगायचे आणि निकाल द्यायचे. यीस्टला उकडतंय, ओलं फडकं गुंडाळ. नळी नीट धुतली नाहीस, आंबूस येतंय. आज ठीक आहे. वास घेतल्याने शील मोडत नाही, याचा त्यांनी स्वतःशी नीट विचार केला होता. तोंडाला लागलं तर मोडतं. या हिशेबाने ते महिनाभर निर्धास्त होते, आणि रविवारी पाचव्या शीलाला त्यांची पाठ पूर्वीइतकीच ताठ असे. मी मात्र त्या रांगेत मान खाली घालून म्हणायचे. प्रत्येक खेपेचा एकेक घोट मी घेतला होता आणि मला प्रत्येक खेप छान लागली होती. त्यामुळे दादाने माझं मत विचारणं सोडून दिलं होतं.

पेरूची खेप करून पाहिली, तिला नुसताच साबणासारखा वास यायला लागला. मग उन्हाळा लागला आणि घोटीच्या मावशीने एसटीतून करवंदांची पाटी पाठवली. तिचा मागोमाग फोन. "काळीच निवडल्यात गं, लाल घेतली नाय. लालला लय चीक हाय, व्हट चिकटत्यात." दादा करवंदं उकळायला निघाला तेव्हा आईने त्याच्या हातातून पातेलं काढून घेतलं. करवंदाचं सरबत करताना कोणी उकळतं का, ती म्हणाली. उकळलं की करवंदाचा वास उडतो आणि मागे नुसता आंबटपणा राहतो. धुऊन, पुसून, दोन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. बाहेर काढली की साल आपोआप ढिली पडते आणि रस सुटतो. आणि आधी घालायची नाहीत. तुझं ते बुडुक बुडुक शांत झालं की मग घालायची. दादा म्हणाला की मोबाइलवरच्या माणसाने उकळायला सांगितलंय. आई म्हणाली, त्या माणसाने करवंद पाहिलंय का. शेवटी तंटा मिटवायला दोन जार केले. एकात उकळलेली करवंदं, दुसऱ्यात आईच्या पद्धतीची कच्ची. दोन्हींचा रंग आमसुलाच्या सारासारखा झाला. बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, आणि तीन आठवडे पलंगाखाली पोत्यात गुंडाळून ठेवल्या.

हॉटेलवाला शनिवारी दुपारी चारला येणार होता. शुक्रवारी दादाला सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाकात बूच ठोकल्यासारखी. शनिवारी दुपारी त्याने दोन्ही प्रकारची एकेक बाटली फोडली, दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली, हुंगली, प्यायला आणि खाली बसला. "पाणी आहे," तो म्हणाला. "दोन्ही पाणीच लागतंय." द्यायच्या होत्या सहाच बाटल्या आणि एकाच प्रकारच्या. आई विहारात उद्याची तयारी करायला गेली होती. मी दोन्ही चाखल्या आणि दोन्ही छान आहेत असं सांगितलं. दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने आतल्या खोलीतून पप्पांना हाक मारली.

पप्पा आले, हात मागे बांधून वाकले, एक पेला हुंगला, दुसरा हुंगला, पुन्हा पहिला हुंगला. "वास दोन्हींचा चांगला आहे."

"पण कोणती देऊ?"

"वासावरून नाही सांगता येणार."

"पप्पा, तासभर राहिलाय."

"मला जिभेचं विचारू नकोस," पप्पा म्हणाले.

दादा नाक पुसत भिंतीकडे बघत बसला. बावीस-तेवीस वर्षांचा पुरुष, पण मला तो चौथीत नापास झालेल्या पोरासारखा दिसला. पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरातून चमचा आणला. चहाचा, लहान. बेसिनपाशी उभे राहिले. त्यांचा बेत मला दिसत होता. जिभेवर घ्यायची, चव पाहायची, थुंकायची, चूळ भरायची. पोटात गेली नाही तर गेली नाही. पहिला चमचा त्यांनी तोंडात घेतला, डोळे मिटले, बेसिनवर वाकले. आणि गिळला.

तोंडात घेतलेला घास थुंकायचा नाही हे आजीने त्यांना काठीने शिकवलं होतं. ज्या घरात दोन वेळा चूल पेटणं ही सांगण्यासारखी गोष्ट होती, त्या घरातला माणूस थुंकणार कसा? ते तसेच बेसिन धरून थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं आता ते पेले मोरीत ओततील. त्यांनी चमचा नळाखाली धुतला, दुसऱ्या पेल्यात बुडवला आणि या वेळी बेसिनकडे न वळता, आमच्याकडे तोंड करून, सरळ गिळला.

"कच्च्या करवंदाची दे," ते म्हणाले. "चांगली झालीय." कोणी गेल्याची बातमी द्यावी त्या आवाजात.

हॉटेलवाला अर्ध्या चड्डीत आला, त्यामुळे विहारातून परतलेल्या आईला तो शेवटपर्यंत मालक वाटला नाही. त्याने उभ्याउभ्याच एक बाटली फोडली, एक घोट घेतला, मग बसला आणि उरलेली संपवली. पाणी कुठलं वापरलं, त्याने विचारलं, फार स्वच्छ लागतंय. पप्पा आतल्या खोलीतून म्हणाले, "नळाचं." एवढाच त्यांचा त्या व्यवहारातला सहभाग. दादाला पहिल्या तारखेपासून यायला सांगितलं. आईने त्या माणसाला थालीपीठ वाढलं.

रविवारी सकाळी पप्पांनी नेहमीसारखा पांढरा शर्ट घातला. विहार भरला होता. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मुलं पुढे. पप्पांनी माईक हातात घेतला, वंदना झाली, पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं, चौथं झालं. सगळ्यांनी चौथं मागून म्हटलं आणि पाचव्याची वाट पाहत थांबले. पप्पांचे हात शिवणीला गेलेच नाहीत. ते माईककडे बघत उभे होते. कोणीतरी मागून "लाईट गेली का" असं कुजबुजलं. पंखे चालू होते. पप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि माईक पुढे केला. मुलांच्या वर्गात पंचशील मीच घ्यायचे, तेव्हा त्यांना वाटलं असणार की घरात अजून एक स्वच्छ तोंड आहे. मी उठले, माईकपर्यंत गेले आणि चार खेपांचे चार घोट माझ्या घशात येऊन उभे राहिले. मी मान हलवली. पप्पांना तेव्हा कळलं. मी आयुष्यात त्यांना पुष्कळदा दुखावलं आहे, पण तसं त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नाही. मागे खांबापाशी दादा जोरात शिंकला. त्याच्याकडे माईक नेण्यात काहीच अर्थ नव्हता.

तेव्हा बायकांच्या रांगेतून आई उठली. ती कधी पुढे आलेली कोणी पाहिली नव्हती. तिचं काम खिरीचं. तिने पदर सारखा केला, पप्पांच्या हातातून माईक घेतला आणि पाचवं शील खणखणीत म्हटलं. अख्ख्या विहाराने मागून म्हटलं. पप्पांनीही म्हटलं, हळू. वंदना संपल्यावर पप्पांनी कमिटीला सचिवपद सोडण्याचा अर्ज दिला, 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहून. कमिटीने बराच वेळ चर्चा केली आणि माईक बदलायचं ठरवलं. अर्ज पुढच्या बैठकीला ठेवला, तो अजून पुढच्याच बैठकीला आहे.

घरी आल्यावर कोणी जेवेना. शेवटी पप्पाच म्हणाले, "पहिल्या चमच्याचं मला काही वाटत नाही. तो चुकून गेला. दुसरा मी घेतला." मग आईकडे बघून म्हणाले, "बरं झालं घरात तू तरी होतीस."

आई ताटं वाढत होती. "कच्चीच चांगली होती," ती म्हणाली. "उकळलेली मागून तुरट लागायची. मला विचारलं असतं तर शुक्रवारीच सांगितलं असतं."

बराच वेळ कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग पप्पांचा हात ताटावर थांबला. "तू चाखली होतीस?"

"पहिल्या द्राक्षापासून. माझ्या स्वयंपाकघरातून न चाखता काही बाहेर गेलंय का आजवर?"

"आणि दर रविवारी म्हणत होतीस?"

"मनापासून." आईने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "अहो, तुम्हीच सांगता ना मुलांना, की शील म्हणजे इथून पुढे पाळायचा प्रयत्न करीन असं म्हणायचं. मागचं कुठे विचारतात त्यात? एकदा म्हणून भागलं असतं तर दर रविवारी कशाला गेलो असतो?"

पप्पा जेवले. पुढच्या रविवारी नवा माईक आला होता. त्यांनी चार शीलं म्हटली, थांबले, एक मोठा श्वास घेतला, आणि पाचवं म्हटलं. पाठ ताठ नव्हती, आवाजही वर गेला नाही. पण मला तरी ते त्यांनी पहिल्यांदाच म्हटल्यासारखं वाटलं. त्यानंतर मरेपर्यंत ते चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये तेवढंच थांबत. लोकांना वाटायचं दम लागतो. दादाच्या हॉटेलात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही, पण उन्हाळा आला की स्वतः एसटी स्टँडवर जाऊन घोटीची पाटी उतरवून घ्यायचे आणि काळी-लाल निवडून द्यायचे.

आता विहारात पंचशील मी सांगते. माझेही केस पिकायला लागलेत. चौथ्यानंतर मी थांबते, पप्पा थांबायचे तितकंच. परवा एका नव्या कुटुंबातला मुलगा न थांबता पाचवं म्हणायला लागला, तर कॉलनीतल्या पोरांनी त्याला कोपराने ढोसलं आणि दटावलं की इथे आधी थांबायचं असतं. का, त्याने विचारलं. पोरांना सांगता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग सगळेच थांबलो.